बागेतली शांत जागा कशी करावी

बागेत फुले असतात, भाजी असते. तशी एक शांत जागाही असावी. शांत जागा म्हणजे जिथे बसून आपल्या मनाशी विचार करता येतो. देहूजवळच्या भंडारा डोंगरावर तुकाराम महाराज एकांतात बसत असत. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०१ साली बंगालात शांतिनिकेतनला शाळा काढली. तिथे मुले झाडाखाली बसून शिकत. पण शांत जागेला डोंगरच पाहिजे असे नाही. बागेचा एक कोपरासुद्धा पुरतो. आमच्या शाळेत तो कडुनिंबाखाली आहे. तो कसा केला ते सांगते.

आधी जागा निवडावी. ती हापशापासून आणि रस्त्यापासून लांब असावी. मोठे झाड असले तर फार बरे. पत्रा उन्हाने तापतो, पण झाडाची पाने वाफेच्या रूपाने पाणी सोडतात, म्हणून झाडाखाली गार वाटते.

मग कुंपण करावे. पावसाळा लागला की अडुळशाच्या वीतभर काड्या लावाव्यात. अडुळसा कडू असतो, त्याला शेळ्या तोंड लावत नाहीत. कुंपण कमरेएवढेच ठेवावे. त्याने आवाज फारसा अडत नाही, पण खाली बसले की येणारी-जाणारी माणसे दिसत नाहीत. बाईंना मात्र उभ्याने आम्ही दिसतो.

बसायला दोनच सपाट दगड ठेवावेत. जास्त ठेवले की गप्पा सुरू होतात! बुंध्याभोवती सिमेंट करू नये, मुळांना पाणी मिळत नाही. पालापाचोळा राहू द्यावा, माती ओल धरते. पाखरांसाठी परळात पाणी ठेवावे. ते रोज बदलावे, नाहीतर डास होतात.

नियम एकच. तिथे बसलेल्याला हाक मारायची नाही.

आमच्या वर्गातल्या काही जणांचे आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. माझेपण जातात. मी आजीपाशी राहते. घरी रडले तर आजीपण रडते. म्हणून मी मधल्या सुट्टीत तिथे बसते. आई आता मोळी बांधत असेल, असे मनात आणते. घंटा होईपर्यंत मन हलके होते आणि मग गणितात लक्ष लागते.

पालकांना नम्र विनंती आहे. बाजारच्या दिवशी कडुनिंबाला शेळ्या बांधू नयेत आणि गाड्या फाटकाबाहेर लावाव्यात. त्या दिवशीपण कोणाला तरी तिथे बसायचे असते.

– इयत्ता चौथी