पैलतीराची खुशाली

गोव्याच्या अगदी उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात, केरी हे समुद्रकाठचे गाव आहे. गावाच्या अंगानेच तेरेखोल नदी समुद्राला मिळते आणि पलीकडच्या काठावर तेरेखोलचा किल्ला उभा दिसतो. सावंतवाडीच्या खेम सावंतांनी सतराव्या शतकात बांधलेला हा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांच्या हाती गेला. तेव्हापासून तेरेखोल नदीपल्याड असूनही गोव्याचेच राहिले. आजही दोन्ही गावांची पंचायत एकच आहे. फेरीबोट चालू असली तर काही मिनिटांत पैलतीर गाठता येतो. ती बंद असली की किरणपाणी-आरोंद्याच्या पुलावरून, महाराष्ट्रातून वळसा घालून जावे लागते. डोळ्यांना दिसणारे माणूस नेहमी हाताशी असतेच असे नाही, हे केरीकरांना निराळे सांगावे लागत नाही.

ह्या गोष्टीचा कडू अनुभव ह्या भागाने एकदा चांगलाच घेतला आहे. पेडणे महालातील लेकी रेडी, शिरोडा, आरोंदा अशा सरहद्दीपलीकडच्या गावांत दिलेल्या आणि तिकडच्या इकडे आलेल्या. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकविला. पुढच्याच वर्षी त्याच दिवशी पेडण्यातील पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यानंतर भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी कडक केली. रेल्वेने गोव्यात येणेजाणे थांबले, पैसे पाठविण्यावर बंधने आली, आणि परवान्यावाचून सरहद्द ओलांडणे गुन्हा ठरले. चाकरीसाठी मुंबईत असलेला मुलगा आणि केरीत असलेली आई ह्यांच्यामध्ये एक राज्यव्यवस्था येऊन बसली. त्याच काळात, २५ नोव्हेंबर १९५५ पासून, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ह्यांनी आंबोलीच्या रानातून गुप्त नभोवाणी केंद्र चालविले. पुढे ते कॅसलरॉकच्या जंगलात गेले आणि मुक्तीपर्यंत चालले. माणसे आणि गाड्या सरहद्दीवर अडत होत्या, आवाज अडत नव्हता. अर्थात त्या आवाजातून देशाची वार्ता कळे. घरच्या गाईला वासरू झाले की नाही, हे कळत नसे.

त्यासाठी पत्रच लागे. आणि ह्या पत्रांची एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. पेडणे-डिचोलीच्या बहुतेक हिंदू घरांत बोलणे कोकणी, परंतु लिहिणे मराठी. जो मुलगा आईशी समोरासमोर एकेरीत भांडत असे, तोच पत्रात तिला ‘तीर्थरूप’ म्हणून शिरसाष्टांग नमस्कार घाली. ख्रिस्ती घरांत बहुधा रोमी लिपीतील कोकणी चाले. आईला वाचता येत नसे, म्हणून मास्तर किंवा शेजारचा शाळकरी मुलगा पत्र वाचून दाखवी. साहजिकच पत्र एकट्याचे राहत नसे. लिहिणाराही ते जाणून असे. खासगी व्यथा दोन ओळींच्या मध्ये ठेवायची आणि ‘येथील सर्व खुशाल’ हे मात्र ठळक लिहायचे, अशी रीत पडली होती. त्या खुशालीवर आई पूर्ण विश्वास ठेवी असे समजण्याचे कारण नाही.

मुंबईत गावकऱ्यांचे पत्ते ठरलेले असत. हिंदूंचे गिरगाव-परळच्या चाळींत, तर ख्रिस्ती खलाशांचे धोबीतलावच्या परिसरातील ‘कूड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावनिहाय वसतिगृहांत. जहाजावरून उतरलेला खलाशी पुढची बोट मिळेपर्यंत कुडीत राही, आणि त्याची पत्रे तेथे त्याची वाट पाहत असत.

त्यानंतरचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास ताटकळणे, मग पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ, मग खिशातला मोबाईल. जुलै २०१३ मध्ये तारसेवाही बंद झाली. दारात तारवाला पाहून ज्यांच्या काळजात धस्स होई, त्या पिढीला त्याचे फारसे दुःख झाले नसावे. जानेवारी २०२३ पासून तर पेडणे तालुक्यातच, मोपा येथे, विमाने उतरू लागली आहेत.

मग अंतर संपले काय? दोन उदाहरणे पुरेत. पहिले खलाशांचे. २०२० च्या टाळेबंदीत गोव्याचे हजारो खलाशी जहाजांवर अडकून पडले. पडद्यावर त्यांना बायकामुले दिसत होती, पण जमिनीवर पाय ठेवता येत नव्हता. त्या अनुभवानंतर आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारात दुरुस्त्या झाल्या. डिसेंबर २०२४ पासून त्या अमलात आल्या असून, शक्य तेथे खलाशाला घरच्यांशी संपर्क साधण्यासाठी जहाजावर इंटरनेट मिळावे असे त्यांत म्हटले आहे. घराशी बोलणे ही चैन नसून श्रमिकाच्या हक्काची बाब आहे, हे जगाने लेखी मान्य केले, ही लहान गोष्ट नव्हे.

दुसरे उदाहरण अधिक नाजूक. १९६१ च्या मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना व नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व नोंदविता येते. त्या आधारे अनेक कुटुंबे इंग्लंडला, विशेषतः स्विंडन शहरात, स्थायिक झाली. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्वाला जागा नाही. त्यामुळे बाप केरीत अंथरुणाला खिळला, तर मुलाला स्वतःच्या घरी येण्यासाठी व्हिसा किंवा ओसीआय कार्ड लागते. बोलणे क्षणात होते. येणे मात्र पुन्हा परवान्यावर येऊन ठेपले.

बोलण्यातही अडचणी आहेत. इंग्लंड हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. केरीत दिवेलागणी होते तेव्हा तिकडे दुपारची पाळी चालू असते. म्हणून ‘वेळ मिळाला की फोन करतो’ म्हणणाऱ्याला वेळ मिळत नाही, आणि रविवारची एक वेळ ठरविणाऱ्याला मिळतो. शिवाय पत्र घराला येत असे, फोन एकाला येतो. नातू बोलून फोन खाली ठेवतो आणि कमी ऐकू येणारी आजी कोपऱ्यात ‘काय म्हणाला?’ विचारीत राहते. अशा आजीसाठी मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहून पाठविणे, हा उपाय जुना असला तरी टाकाऊ झालेला नाही. मात्र एक श्रेय फोनला द्यायलाच हवे. त्यावर मुलगा आईला ‘तीर्थरूप’ म्हणत नाही. तो घरच्या कोकणीत बोलतो, आणि आवाज जड झालेला असला तर ‘सर्व खुशाल’ म्हटल्यावरही तिला ते कळते.

चवथीला हीच माणसे मुंबईहून, आखातातून, जमल्यास इंग्लंडहूनही गावी येतात. माटोळी बांधायला हात लागतात, आणि ते काम फोनवरून होत नाही. वर्षभर ज्यांच्याशी रोज बोलणे झाले त्यांच्याशीही पहिल्या रात्री उशिरापर्यंत गप्पा चालतात, आणि सकाळी कोणीतरी नदीवर जाऊन फेरीबोट चालू आहे का, ते पाहून येतो. तेरेखोलच्या पाहुण्यांना अजून आणायचे असते.