वनमार्गावरील हातसंच

कॅनडा देशाच्या पश्चिम किनाऱ्यास ब्रिटिश कोलंबिया नांवाचा प्रांत आहे. लांकूडतोड, खाणी व तेल-वायूचे उद्योग यांकरितां तेथें डोंगरांतून व अरण्यांतून काढलेल्या कच्च्या रस्त्यांची लांबी ६ लाख किलोमीटरांहून अधिक भरते. यांतील पुष्कळसे रस्ते आतां वापरांत नाहींत. परंतु जे चालू आहेत, त्यांवरून ओंडक्यांनीं भरलेल्या मालमोटारी धांवत असतात, आणि त्याच रस्त्यांनीं मासे धरावयास किंवा तळ्याकांठीं राहुटी ठोकावयास जाणारीं कुटुंबेंही जातात. आमच्या वाचकांपैकीं कोणाचे आप्त शिक्षणास वा नोकरीस त्या प्रांतीं गेले असतील, तर सुटींत अशा रस्त्यास लागण्याची इच्छा त्यांस व्हावी हें साहजिक आहे. त्यापूर्वीं हातांत कोणता बिनतारी संच असावा, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

हे रस्ते बहुधा एकेरी, खडीचे व वळणावळणाचे असतात. समोरून येणाऱ्यास वाट देण्यासाठीं मधून मधून रुंद जागा केलेल्या असतात, त्यांतच लहान वाहनानें शिरून थांबावयाचें. त्या प्रांतांतील सार्वजनिक राजमार्गावर भरलेल्या मालमोटारीचें वजन ६३,५०० किलोपर्यंत असूं शकतें. केवळ रानांतच फिरणाऱ्या कांहीं मोटारी याहूनही जड असतात. असें धूड उतारावर खडींत चटकन थांबत नाहीं. आतां मुलांनीं लहानसें गणित करून पाहावें. दोन वाहनें समोरासमोरून ताशीं ६० किलोमीटर वेगानें येत असतील, तर त्यांमधील अंतर मिनिटास २ किलोमीटर या प्रमाणानें घटतें. मध्यें डोंगराचें वळण असल्यास डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं. म्हणून चालक आपण कोठें आहों तें बिनतारी संचावरून पुकारीत जातात : रस्त्याचें नांव, कडेच्या पाटीवरील किलोमीटरचा आकडा, दिशा आणि वाहनाचा प्रकार. आकडे वाढत जात असतील तर दिशा ‘वर’, घटत असतील तर ‘खालीं’. चढ-उताराशीं या शब्दांचा संबंध नाहीं. पुकार कोठें करावी व कोणत्या चॅनेलवर करावी, हें रस्त्याच्या तोंडाशीं पाटीवर लिहिलेलें असतें.

संच घेतांना लोक प्रथम ‘किती लांब पोंचतो?’ असें विचारतात. माझ्या मतें पहिला प्रश्न तो नव्हे. ‘मालमोटारवाला ज्या लहरींवर बोलतो, त्याच लहरींवर हा बोलतो काय?’ हा पहिला प्रश्न होय. एक शाळा सकाळीं भरते, दुसरी दुपारीं. दोहोंचीं मुलें एकाच इमारतींत येऊनही भेटत नाहींत, तसा हा प्रकार आहे. खेळण्यासारख्या जोडीनें मिळणाऱ्या स्वस्त वॉकी-टॉकी ४६२ ते ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. त्यांस तेथें परवाना लागत नाहीं, व राहुटींतून राहुटींत बोलावयास त्या ठीक आहेत. जुना सीबी संच २७ मेगाहर्ट्झचा. वनमार्गावरील वाहतूक मात्र व्हीएचएफ पट्टींत, १५० मेगाहर्ट्झच्या वर चालते. तीसाठीं सरकारनें ३५ चॅनेलें ‘आरआर’ या नांवानें रस्त्यांकरितां व ५ चॅनेलें ‘एलडी’ या नांवानें माल चढविणाऱ्यांकरितां नेमून दिलीं आहेत. हीं सारीं चॅनेलें ज्यांत बसविलेलीं आहेत असाच संच घ्यावा.

दुसरी गोष्ट कायद्याची. या चॅनेलांवर बोलण्यास कॅनडाच्या केंद्र सरकारचा परवाना लागतो, आणि संचही त्या कामासाठीं प्रमाणित असावा लागतो. हौशी बिनतारीवाल्यांचे स्वस्त संच त्याच लहरींवर लावतां येतात, म्हणून पुष्कळ जण ते नेतात. परंतु लावतां येणें व लावण्याचा अधिकार असणें या भिन्न गोष्टी आहेत. हौशी परीक्षेचें प्रमाणपत्रही येथें चालत नाहीं. एकदांच जाणाऱ्यानें विकत न घेतां, चॅनेलें बसवून दिलेला संच भाड्यानें घेणें सोयीचें, व घेतांना परवान्याचें काय तें दुकानदारास स्पष्ट विचारून घ्यावें.

आतां पल्ल्याविषयीं. वेष्टनावर ३०-४० किलोमीटरचे आकडे छापलेले असतात, ते शिखरावरून शिखराकडे बोलणाऱ्यांचे समजावे. या लहरी साधारणतः सरळ रेषेंत जातात. सपाट मैदानांत उभ्या असलेल्या मनुष्याच्या हातांतील संचास क्षितिज ५ किलोमीटरांवरच आडवें येतें, आणि डोंगर तर त्याहून जवळ असतो. हातसंचाची शक्ति बहुधा ५ वॅट, मोटारींत बसविलेल्या संचाची २५ वॅट वा अधिक; तरी शक्ति दुप्पट केल्यानें पल्ला दुप्पट होत नाहीं. एरियलची जागा अधिक महत्त्वाची आहे. १५० मेगाहर्ट्झची लहर २ मीटर लांब असते व तिच्या चतुर्थांशाएवढें, म्हणजे अर्ध्या मीटरचें एरियल तिला मानवतें. हातसंचावरील बोटभर रबरी शेपूट ही तडजोड आहे. त्यांतून पोलादी मोटारींत बसून बोललें कीं निम्मा आवाज पेटींतच कोंडला जातो. यास्तव ज्याला बाहेरचें एरियल जोडतां येतें असा हातसंच घेऊन, चुंबकाच्या बुडाचें एरियल टपावर ठेवावें. खालीं उतरल्यावर तेंच यंत्र कमरेस लावतां येतें, एवढाच हातसंचाचा मोठा फायदा. जो नित्य त्या रस्त्यांनीं जाणार, त्यानें मोटारींत कायमचाच संच बसवावा.

गंमत अशी कीं, वाहून नेण्याजोगा असा दुतर्फा बोलणारा संच डोनाल्ड हिंग्ज यांनीं १९३७ सालीं तयार केला, तो याच प्रांतांतील एका खाण-कंपनीच्या नोकरींत असतांना. म्हणजे रानाची गरज रानाच्या शेजारींच भागली.

पाणी व धूळ यांसाठीं संचावर ‘आयपी ६७’ अशी खूण पाहावी. ६ म्हणजे धूळ आंत जात नाहीं, ७ म्हणजे १ मीटर पाण्यांत अर्धा तास टिकतो. थंडींत लिथियमच्या बॅटरीची ताकद लवकर ओसरते, तेव्हां जादा बॅटरी अंगरख्याच्या आंतल्या खिशांत ठेवावी. संच शांत आहे म्हणून रस्ता मोकळा आहे असें मात्र धरूं नये. समोरच्याकडे संचच नसेल, किंवा तो पाटी न वाचतां भलत्याच चॅनेलवर असेल. आणि मोटार बंद पडून मदत मागण्याची वेळ आली, तर या संचाचा आवाज डोंगरापलीकडे जाईलच असें नाहीं. त्या कामास उपग्रहाशीं बोलणारें निराळें लहान यंत्र मिळतें. आपत्तींत ४०६ मेगाहर्ट्झवर खूण पाठविणारा दीपक त्याच जातीचा. तो हातसंचाच्या जोडीनें न्यावयाचा असतो, त्याच्या ऐवजीं नव्हे.