गाजरगवताची भांगलण मघात नव्हे, पुनर्वसूत

कबनूर-इचलकरंजी पट्ट्यातला कुणीही शेतकरी पिकातलं तण फुलावर येईपर्यंत थांबत नाही. पीक वर आलं की भांगलण लागते. तोच गाव मोकळे भूखंड, बागा, मैदानं आणि ओढ्याकाठच्या सार्वजनिक जागांतलं गाजरगवत मात्र पांढऱ्या फुलांनी भरेपर्यंत वाढू देतो. मेक्सिकोकडचं हे तण भारतात पहिल्यांदा ठळकपणे नोंदलं गेलं ते १९५५च्या सुमारास, पुण्यात. पुढं ते देशभर पसरलं. त्याचं बळ बियांत आहे. एक झाड हजारो बिया टाकतं आणि त्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात. उगवल्यापासून फूल यायला साधारण चार ते सहा आठवडे पुरतात. मृग ७-८ जूनला निघतो. त्या पावसावर उगवलेलं रोप पुनर्वसूत, म्हणजे जुलैच्या मध्याला फुलू लागतं. वळवाच्या सरींवर उगवलेलं तर त्याआधीच. देशभरचा गाजरगवत जागृती सप्ताह १६ ते २२ ऑगस्टला, मघा नक्षत्रात येतो. जागृतीसाठी तो ठीक, पण आपल्याकडं तोवर पहिल्या पिढीचं बी जमिनीत पडू लागलेलं असतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पहिली उपटणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात व्हावी आणि पाऊस असेतो दर तीन आठवड्यांनी त्याच जागेवर पुन्हा फेरी व्हावी.

एवढी माणसं आणायची कुठून, हा आक्षेप खरा आहे. पण जुलैतलं रोप ओल्या मातीतून मुळासकट सहज निघतं. ऑगस्टअखेर तेच कमरेएवढं होतं, आणि विळ्यानं कापलं तर बुडख्यातून पुन्हा फुटतं. उशिराचं काम म्हणूनच महाग पडतं. मग तणनाशक का नको? ग्लायफोसेट हिरवं दिसेल ते मारतं. उघड्या पडलेल्या जमिनीवर पहिल्यांदा परततं ते गाजरगवतच. शिवाय त्या जागी मुलं खेळतात, जनावरं चरतात. १९८४ मध्ये बंगळुरूत सोडलेला मेक्सिकन भुंगा पानं फस्त करतो, हे खरं. पण त्याची संख्या पावसाळ्यात हळूहळू वाढते, पहिला फुलोरा त्याच्या हातून सुटतो. त्याला मदतनीस माना, त्याच्यावर विसंबू नका.

सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की शेजारच्या भूखंडातून बी येणारच, मग उपटून उपयोग काय? याचं उत्तर उपटण्यात नाही, नंतरच्या पेरणीत आहे. मोकळ्या केलेल्या जागेवर टाकळा दाट उगवला तर तो गाजरगवताला सावलीत दाबतो. त्याचं बी पुढच्या पावसाआधीच पेरून ठेवावं. आणि टाकळ्याची कोवळी पानं तर आपल्या पावसाळी ताटातलीच. फुलापूर्वी उपटलेल्या गवताचं खत करता येतं. फुलावर आलेलं मात्र खताच्या खड्ड्यात टाकू नये, कारण त्यातलं बी खताबरोबर शेतात जाऊ शकतं. या तणाच्या स्पर्शानं अनेकांच्या अंगावर चट्टे उठतात, परागानं दम लागतो. त्यामुळं हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि नाकावर फडकं याशिवाय कुणालाही, विशेषतः शाळकरी पोरांना, या कामाला उतरवू नये. पंचायतीनं आणि तरुण मंडळांनी श्रमदानाची तारीख ठरवताना ऑगस्टचं पान उलटून जुलैचं काढावं.