इंग्रजी नामांचे हरवलेले लिंग

मराठीत दगड पुल्लिंगी, भिंत स्त्रीलिंगी आणि झाड नपुंसकलिंगी आहे. या भेदाचा त्या वस्तूंच्या स्वभावाशी काही संबंध नाही. तरीही तो पाळावाच लागतो. मोठा दगड पडतो, मोठी भिंत पडते आणि मोठे झाड पडते. इंग्रजीत मात्र या तिन्ही ठिकाणी विशेषण ‘बिग’ आणि क्रियापद ‘फॉल्स’ हेच राहते. शालेय व्याकरणांत इंग्रजी नामांची चार लिंगे सांगितलेली असतात. परंतु ती वर्गवारी प्राण्यांच्या व वस्तूंच्या जातीची आहे, शब्दांची नव्हे. नामामुळे वाक्यातील इतर शब्दांचे रूप बदलणे, हा व्याकरणिक लिंगाचा खरा निकष होय. या निकषावर आजच्या इंग्रजी नामाला लिंग नाही.

पूर्वी ते होते. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या प्राचीन इंग्रजीत तीन लिंगे होती. ‘हात’ या अर्थाचा शब्द स्त्रीलिंगी, ‘पाय’ पुल्लिंगी आणि ‘डोळा’ नपुंसकलिंगी होता. सूर्य स्त्रीलिंगी, तर चंद्र पुल्लिंगी होता. स्त्रीसाठी असलेला ‘वीफ’ हा शब्द, ज्यातून आजचा ‘वाइफ’ आला, तो नपुंसकलिंगी होता. त्यापासून बनलेला ‘वीफमान’, म्हणजे आजचा ‘वुमन’, स्त्रीवाचक असूनही पुल्लिंगी होता. नामाच्या लिंगानुसार उपपदही बदलत असे. आज त्या अनेक रूपांच्या जागी एकटे ‘द’ उरले आहे. ‘दॅट’ हा शब्द म्हणजे त्या जुन्या नपुंसकलिंगी उपपदाचा अवशेष होय.

हा ऱ्हास उत्तरेकडून सुरू झाला. नॉर्थम्ब्रियात दहाव्या शतकात लिंडिसफार्नच्या लॅटिन शुभवर्तमानांच्या हस्तलिखितात ओळींच्या मध्ये इंग्रजी अर्थ लिहिले गेले. त्यांत लिंगांची सरमिसळ झालेली दिसते. दक्षिणेकडील केंटमध्ये मात्र जुन्या लिंगभेदाच्या खुणा चौदाव्या शतकापर्यंत टिकून होत्या. याचे एक कारण उच्चारात आहे. शब्दाच्या अखेरच्या अक्षरावर आघात नसल्याने प्रत्ययांतील स्वर झिजून एकसारखे झाले आणि लिंग दाखविणारी साधनेच नाहीशी झाली. उत्तरेत स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांचा संपर्क हे दुसरे कारण मानले जाते. दोन्ही भाषांतील धातू व नामे पुष्कळदा सारखी, पण प्रत्यय निराळे असल्याने परस्परव्यवहारात प्रत्ययांचे महत्त्व कमी झाले असावे.

लिंग नामांतून गेले, तरी ‘ही’, ‘शी’ आणि ‘इट’ या सर्वनामांत ते उरले. तेथेही बदल चालूच राहिले. ‘इट’चे षष्ठीचे रूप पूर्वी ‘हिज’ असेच होते; ‘इट्स’ हे रूप सोळाव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागले. जहाजाला ‘शी’ म्हणण्याची नाविकांची प्रथा दीर्घकाळ टिकली. तथापि ‘लॉइड्स लिस्ट’ या नौवहनविषयक वृत्तपत्राने २००२ मध्ये ती सोडून ‘इट’ स्वीकारले.

जहाजाच्या बाबतीत हा प्रश्न केवळ रुचीचा होता. माणसांच्या बाबतीत तो हक्कांचा ठरला. व्यक्ती स्त्री की पुरुष हे ठाऊक नसताना कोणते सर्वनाम वापरावे? ब्रिटिश संसदेने १८५० च्या कायद्याने ठरविले की, अन्यथा स्पष्ट केले नसेल तर कायद्यातील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश होतो. या नियमाच्या आधारे मँचेस्टरमधील स्त्रियांनी १८६७ च्या कायद्यातील ‘मॅन’ या शब्दाखाली मताधिकार मागितला. १८६८ मध्ये न्यायालयाने तो नाकारला.

भारतातही तेच घडले. १८९७ च्या ‘जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट’च्या तेराव्या कलमात हाच नियम आहे. तरीही कायद्याची पदवी मिळविलेल्या रेजिना गुहा यांनी वकील म्हणून नोंदणी मागितली, तेव्हा कलकत्ता उच्च न्यायालयाने १९१६ मध्ये ती नाकारली. वकिलीविषयीचा कायदा करताना स्त्रिया अभिप्रेत नव्हत्या, असे न्यायालयाचे मत पडले. अखेर १९२३ मध्ये विधिमंडळाला स्वतंत्र कायदा करून ही अडचण दूर करावी लागली. कॅनडाच्या एका प्रकरणात १९२९ साली प्रिव्ही कौन्सिलने ‘पर्सन’ या शब्दात स्त्रियाही येतात, असा निर्णय दिला. ‘पर्सन’ हा शब्द तर स्त्री-पुरुष दोघांनाही लागू पडणारा; तरी त्यासाठी सर्वोच्च न्यायपीठापर्यंत जावे लागले.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. दगडाला पुल्लिंगी म्हटल्याने दगडाचे काही बिघडत नाही. परंतु ‘ही’ या सर्वनामात स्त्री येते की नाही, हे व्याकरणाने ठरविले नाही. ते वाचणाऱ्यांनी आपल्या सोयीने ठरविले. चौदाव्या शतकापासून इंग्रजीत अनिश्चित एका व्यक्तीसाठीही ‘दे’ वापरले जात आले आहे. वैयाकरणांनी दीर्घकाळ सदोष ठरविलेला हा प्रयोग आता शिष्ट लेखनातही मान्यता पावत आहे, त्याचे कारण हेच होय.