शिष्यवृत्तीची तयारी निकालाआधी

राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणं सोपं आहे. मुलं अडतात ती कागदपत्रांपाशी. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा 8 लाख रुपये, अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाख. दोन्हीकडे उत्पन्नाचा दाखला लागतोच, आणि निकालानंतर त्यासाठी झुंबड उडते. म्हणून बारावीची परीक्षा संपताच दाखल्याच्या मागे लागावं. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे जोडणी झालीच असं नाही, ती तपासून घ्यावी. एवढं करूनही छाननीत त्रुटी निघून अर्ज परत येऊ शकतो. छाननी सैल केली तर बोगस लाभार्थी घुसतील, हा आक्षेप रास्त आहे. पण त्रुटीसाठी परत आलेला अर्ज विद्यार्थ्याला मुदतीत कळवल्याने छाननी सैल होत नाही. कळवण्याचं हे काम महाविद्यालयानं करावं. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या मुलीनं दुसऱ्या कुणाला विचारायचं?