‘इंद्रजाला’चा बहर

गणपतीस कोलाडच्या घरीं आम्ही चुलतबंधू जमलों, कीं जुना वाद हटकून निघतो : ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा खरा बहराचा काळ कोणता ?

१९६४ सालीं मुंबईस सुरू झालेली ही चित्रमालिका मराठींतहि निघे. दादांचें दैवत वेताळ, म्हणजे ली फॉक यांचा १९३६ सालचा ‘फँटम’. धाकट्याचा पक्ष १९७६ सालीं अवतरलेल्या ‘बहादूर’चा. आबिद सुरतींनीं निर्मिलेला हा भगव्या कुडत्यांतला तरुण दरोडेखोराचा मुलगा. बापास मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यानेंच त्याला वाढविलें! तो एकटा लढत नाहीं. नागरिकांचें सुरक्षा दल उभारतो.

माझा कौल धाकट्याकडे. अरण्यवासीयांना पिढ्यान्‌पिढ्या गोराच रक्षक कां लागावा, हें लहानपणीं आम्हांस खटकलें नाहीं, आतां खटकतें.

धाकट्याचें कारण मात्र निराळें. एसटीनें आलेला एकुलता अंक वयाच्या क्रमानें फिरे. त्याच्या हातीं पडेतों शेवटचें पान गळालेलें असे. बहादूर आला तेव्हां दादा शिक्षणास मुंबईस गेले होते, म्हणून ते अंक त्याला सबंध मिळाले.

१९९० सालीं मालिका बंद पडली. वेताळकथांचे ते राहिलेले शेवट दादांनीं त्याला यंदा, आरतीनंतर ओटीवर बसून, तोंडी सांगितले.