रंगात रुतलेली वाळू

लंडनच्या नॅशनल गॅलरीत क्लोद मोने यांचं त्रूव्हिलच्या किनाऱ्याचं १८७० मधलं छोटंसं तैलचित्र आहे. त्याच्या रंगात चक्क वाळूचे कण रुतलेले आहेत! नॉर्मंडीच्या वाऱ्याने ते ओल्या रंगावर आणून टाकले. चित्र किनाऱ्यावरच रंगवलं, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

बाहेर जाऊन रंगवण्याची ही सोय झाली कथलाच्या ट्यूबमुळे. अमेरिकी चित्रकार जॉन गॉफ रँड यांनी १८४१ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत.

रंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन सावकाश घट्ट होतं. त्याला कित्येक दिवस लागतात, आणि ऊन तर घटकेत पालटतं. म्हणून ओल्यावरच ओला फटकारा.

त्रूव्हिलची वाळू आजही त्या रंगातच आहे.